कार्डातलं कुंकू

वर्षभर ऑफिसात भाविकाला ‘कुंकूवाली’ म्हणत होते, आणि हे नाव ठेवलं होतं तिच्या साहेबाने, सौरभने. तिला ते असं झोंबायचं की विचारू नका.

झालं काय, तर ऐरोलीच्या त्यांच्या कंपनीत खंडेनवमीला सर्व्हरची पूजा होते. गेल्या वर्षी कुंकू लावायचं काम बोनकोडे गावच्या भाविकाकडे आलं, तिने लावलं. दसऱ्यानंतर सौरभने एका मशीनवर नवा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, चढवून रीबूट केलं, तर मशीन चालू, पण नेटवर्क गायब! नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, सौरभनेच लिहिलेला. पण चूक आपली असेल असं मनात तरी यावं? छे! भर मीटिंगमध्ये म्हणाला, “हिचं कुंकू गेलं कार्डात.” प्लग काढला, कार्ड पुसलं, परत बसवलं आणि नेटवर्क आलं. झाला पुरावा! सगळे पोट धरून हसले. भाविकाला ड्रायव्हर टीममधून उचलून सपोर्टच्या फोनवर बसवलं.

फोनवर गिऱ्हाइकांची रोज तीच रड. रीबूट केलं, नेटवर्क गेलं. भाविका सांगायची, प्लग काढून लावा. की यायचं. तिथे कुठलं आलंय कुंकू! ती इरेला पेटली. गणपतीच्या सुट्टीत सौरभचा ड्रायव्हर उघडून बसली आणि चोर सापडला. मशीन बंद होताना वीज वाचावी म्हणून त्याने कार्डाला झोपवायची एक ओळ घातली होती. बंद करताना ठीक. पण या रीबूटमध्ये वीज तुटतच नाही, नुसता कर्नल बदलतो. तरी ती ओळ कार्डाला झोपवायची आणि नव्या कर्नलला ते काही उठवता यायचं नाही. प्लग काढून लावला की मात्र टक्क जागं. म्हणजे पुसण्याने काहीच झालं नव्हतं.

“सांगून टाक गो बाय,” आई म्हणाली. “मनान कनाला ठेवतस?”

“आत्ता नाय सांगणार, आये. हसले ते सगळे समोर पाहिजेत मला.”

खंडेनवमी आली. कंपनीच्या प्रमुख वैशाली मॅडमही आल्या. भाविका ताट घेऊन पुढे झाली, पण कुंकवाला हात लावला नाही. तिने सौरभपुढे एक खोका धरला.

“सर, कार्ड सीलबंद आहे. तुम्हीच फोडा, तुम्हीच बसवा.”

सौरभने हसत हसत बसवलं. नेटवर्क आलं.

“आता रीबूट करा.”

केलं. नेटवर्क गेलं.

“कुंकू कुठंय, सर?”

कुणी हसलं नाही. भाविकाने स्क्रीनवर ती ओळ दाखवली, बाजूला सौरभचं नाव. तिथेच तिने त्या ओळीला अट घातली, वीज खरोखर जाणार असेल तरच कार्ड झोपेल. मग मशीन बंद करून प्लग काढला आणि मूठभर कुंकू घेऊन त्या कोऱ्या कार्डावर खसाखसा चोळलं. कार्ड लालभडक झालं. मशीन सुरू केलं, नेटवर्क आलं. रीबूट केलं. पुन्हा आलं!

“हे तुला कधी सापडलं?” वैशाली मॅडमनी विचारलं.

“गणपतीत.”

“आणि आजपर्यंत गप्प? लोक रोज प्लग काढत बसले होते, भाविका.”

“हो मॅडम. बसले गप्प.” तिला तसूभरही लाज वाटली नाही.

मॅडम म्हणाल्या, “सोमवारपासून ड्रायव्हर टीममध्ये ये. पण असं परत चालणार नाही.”

सौरभ जवळ येऊन पुटपुटला, “मला बाजूला घेऊन सांगायचंस ना.”

“तुम्ही घेतलं होतं का मला बाजूला?” तिने ताट त्याच्या हातात कोंबलं. “यंदा पूजा तुम्ही करा.”

सगळे बघत होते, पळायला वाट नव्हती. कुंकवात बुडवलेलं बोट त्याने मशीनकडे नेलं.

“जपून, सर,” भाविका सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “कार्डात जाईल.”

पहिल्यांदा हसल्या त्या वैशाली मॅडम.