वरून काळाभोर, आतून तारा

मित्रांनो, मी एक जुना, फाटका टायर आहे. शाळेच्या गाड्या थांबतात तिथल्या भिंतीवर मला टांगलंय. तोंड लपवायलाही जागा नाही.

मी नुसत्या रबराचा नाही बरं का. रबराच्या झाडाच्या सालीला चीर दिली की पांढरा चीक गळतो. माझं काही रबर त्या चिकाचं, काही खनिज तेलापासून कारखान्यात बनवलेलं. त्यात काजळी मिसळली, म्हणून मी काळा आणि चिवट झालो. गंधक घालून साच्यात तापवलं, म्हणून दाबलं तरी पुन्हा आकारात येऊ लागलो. पोटात मजबूत दोरे आणि पोलादी तारा. पाठीवर खाचा. ओल्या रस्त्यावरचं पाणी खाचांतून निघून जातं, म्हणून चाक घसरत नाही.

खाचांच्या तळाशी बारके उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, की टायर संपला. पाच वर्षं एका मोटारीखाली पळून मीही संपलो होतो. पण जुने टायर विकणाऱ्या एका टायरवाल्याने तापल्या पात्याने माझ्यात नव्या खाचा कोरल्या. उंचवटे उडवले. वर काळं पॉलिश फासलं. याने रबर वाढतं का? उलट कमी झालं. तारांवर नुसता पापुद्रा उरला.

शाळेची गाडी चालवणारे काका आले. सोबत त्यांची छकुली.

"फार जुना नाही ना?"

"जुना कसला, काका! नवरदेव दिसतोय बघा."

छकुलीने माझ्या पाठीवर बोट फिरवलं. "बाबा, याचा रंग निघतोय."

"असू दे गं, उशीर होतोय."

काकांनी मला विकत घेऊन गाडीला बसवलं. खरं सांगतो, मला त्या चकाकीचा माज चढला होता.

चौथ्या दिवशी ओल्या वळणावर मी फुटलो. गाडी भिंतीवर आदळली. बाकी मुलं वाचली, पुढे बसलेल्या छकुलीचा उजवा हात मोडला. हाड जुळलं, पण बोटं अजून मिटत नाहीत. ती डाव्या हाताने लिहायला शिकतेय.

मला इथे टांगलं ते काकांनीच. कुणी म्हणालं, "चूक त्या टायरवाल्याची."

"त्याची आहेच," काका म्हणाले. "पण पोरीने दाखवलं होतं. मी बघितलं नाही."

मित्रांनो, मला लाज वाटते. तरी मला उतरवू देऊ नका. माझ्या तारा लांबूनच बघा. मग उभ्या गाडीच्या टायरची खाच बघा. रबर उंचवट्याला टेकलं असेल, उंचवटेच दिसत नसतील किंवा बोटाला पॉलिश लागलं, तर गाडीत बसू नका. मोठी माणसं घाई करतील, ओरडतील. ओरडू द्या.

छकुली रोज डाव्या हाताचं बोट गाडीच्या टायरच्या खाचेत घालून बघते. तेवढा वेळ काका खाली उभे राहतात. किल्लीला हातसुद्धा लावत नाहीत.