मी दोरीवर वाळत होतो

विक्रोळीतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत नऊ वर्षं काढलेला जुना पडदा आहे मी, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, पडद्याला कसलं आलंय आयुष्य? सकाळी एका बाजूला सरकायचं, दिवेलागणीला परत यायचं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

घाटकोपरच्या बाजारात कटपीसच्या ढिगात मी पडून होतो. पिवळा रंग, अंगावर तपकिरी पानं. मालनने मला उचललं, उजेडासमोर धरलं आणि म्हणाली, "पातळ आहे, पण रंग काय गोड आहे!" त्या एका वाक्यावर मी तिचा झालो. घरी आणून तिने मला स्वतःच्या मशीनवर शिवलं. खालची टीप जरा वाकडी गेली, ती आजही तशीच आहे. समोरच्या खिडकीतून कुंदाकाकूंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ओरडल्या होत्या, "मालन, पडदा झकास गं!" मी नुसता फुलून गेलो.

आमची आणि कुंदाकाकूंची इमारत इतकी जवळ, की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मालन मोजायची. "काकू, चार झाल्या!" असं इकडून सांगितलं, की तिकडे गॅस बंद व्हायचा. त्यांची नात तेजल खिडकीशी बसून अभ्यास करायची. चित्र काढलं की आधी ते मालनला दाखवायची, मग आईला.

मालनचा नवरा दशरथ कुडाळकडचा. मरोळच्या एका कंपनीच्या रोकड नेणाऱ्या गाडीवर तो रखवालदार होता. त्याच्या कामाला बंदूक स्वतःची लागायची आणि परवानाही स्वतःचा. त्याची एकनळी बंदूक आणि काडतुसं घरी लोखंडी ट्रंकेत कुलपात असायची. बंदूक आहे म्हणून नोकरी आणि नोकरी आहे म्हणून घर, हे दोघंही जाणून होती.

पण शेजाऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बंदूक म्हटली की माणसं बिचकतात, पोरांना घरी पाठवत नाहीत, असं मालनचं म्हणणं. म्हणून दशरथ ती कापडी खोळीत घालून न्यायचा. त्याच्या घरातल्या भजनांचे आवाज ऐकून कुंदाकाकूंनी परस्पर ठरवून टाकलं, की खोळीत वीणा असणार. "दशरथ, एकदा वाजव की रे!" असं त्या म्हणायच्या आणि तो नुसता हसून जिना उतरायचा. खोटं तो कधी बोलला नाही. खरंही बोलला नाही.

महिन्यातून एका रविवारी तो बंदूक साफ करायचा. आधी दार लावायचा, मग मला सरकवायचा. बंदूक रिकामी आहे ना, हे दोनदा बघायचा आणि नळी लाकडी दस्त्यापासून सुटी करायचा. गजाला चिंधी गुंडाळून तेल फिरवून झालं, की नळी उजेडासमोर धरून एक डोळा मिटायचा. आत गंज राहिला तर असा कळतो. त्या खोलीत उजेड फक्त माझ्यातूनच यायचा, तेव्हा नळी माझ्याकडेच रोखलेली असायची. मला कधी भीती वाटली नाही. नळीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा बारीक झालेला डोळा दिसायचा आणि मला हसूच यायचं.

आता त्या दिवसाचं सांगतो. सांगताना अजूनही माझा धागा न् धागा आवळतो.

घटस्थापनेच्या आधीचा रविवार होता. मालनने दसरा काढला होता. म्हणजे गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे, घरातलं फडकं न् फडकं धुऊन काढायचं. पहिला नंबर माझा लागला. मला पिळून तिने खिडकीबाहेरच्या दोरीवर टाकलं, कडेला ओढून दोन चिमटे लावले आणि गोधड्या घेऊन ती गच्चीवर गेली.

दशरथला वाटलं, घर स्वच्छ होतंय तर बंदूकही होऊन जाऊ दे. पावसाळ्याची ओल नळीत राहिली असेल. त्याने सवयीने दार लावलं. सवयीनेच हात वर नेला, तर तार रिकामी. त्याने मला दोरीवर पाहिलं. समोर पाहिलं, तर कुंदाकाकूंनीही दसरा काढलेला, त्यांच्या खिडकीवर मोठी चादर वाळत होती. आडोसा आहेच, असं त्याने ठरवलं आणि तो जमिनीवर बसला.

चादर पातळ होती, मित्रांनो. उन्हाने ती लवकर वाळली.

दशरथने नळी उजेडासमोर धरली आणि डोळा मिटला. त्याच वेळी कुंदाकाकूंनी चादर ओढून आत घेतली. खिडकीशी तेजल वही उघडून बसली होती. नळीचं तोंड थेट तिच्याकडे होतं.

मी जिवाच्या आकांताने फडफडलो. एक हात मधे आलो असतो तरी पुरलं असतं. पण दोन चिमट्यांनी मला धरून ठेवलं होतं आणि वारा म्हणाल तर नावालाही नव्हता.

काकूंची किंकाळी ऐकून दशरथने नळी खाली टाकली आणि हात वर केले, जसा काही त्याने गुन्हाच केला होता. काकूंचा मुलगा देवेश, तेजलचा बाप, मोबाईल घेऊन धावत आला. त्याने टिपलं ते एवढंच: खिडकीत दशरथ, मांडीजवळ नळी आणि दस्ता. "समोरच्याने माझ्या पोरीवर बंदूक रोखली," असं लिहून त्याने ते दोन्ही इमारतींच्या ग्रुपवर टाकलं आणि पोलिसांना फोन केला. बापाचं काळीज हो ते. मी त्याला वाईट म्हणणार नाही.

मालन गच्चीवरून आली तेव्हा दारात पोलीस उभे होते.

"साहेब, नळी सुटी होती," दशरथ हात जोडून सांगत होता. "दस्त्याशिवाय ती नुसता पाईप आहे. काडतुसं बघा, कुलपात आहेत. हा परवाना."

"कागद ठीक आहेत तुझे," हवालदार म्हणाला, "पण लेखी तक्रार आलीय. चौकशी होईपर्यंत जमा करावी लागेल."

खिडकीतून कुंदाकाकूंचा आवाज आला. त्यात राग कमी आणि रडू जास्त होतं. "दशरथ, इतकी वर्षं वीणा म्हणत राहिले रे मी! एकदा तरी सांगायचंस! पोर बसते ना इथे!"

मालनच ताडकन म्हणाली, "आणि काकू, तुम्ही एकदा दार वाजवायचं होतं! पोलीस कशाला?"

दोघींचंही खरं होतं आणि मधे मी टांगलेला होतो, ओला.

बंदूक गेली ती गेलीच. चौकशी अजून चालू आहे. पोलीस म्हणतात, तक्रार मागे घेतली तर लवकर सुटेल. कंपनीने दशरथला गाडीवरून उतरवून एका सोसायटीच्या फाटकावर उभं केलं, हातात काठी देऊन. घरी आला की तो भिंतीला टेकून बसतो. मालन त्याच्या मालवणीत जेवणाचं विचारते, "जेवतलास मा?" तो मान हलवतो.

माझ्या जागी जाड, दुहेरी कापडाचा निळा पडदा आला. माझं आता मशीनवरचं झाकण झालंय. तसं बरं चाललंय माझं. पण तो निळा पडदा दिवसाही सरकत नाही आणि तिकडेही पडदा आलाय म्हणे. कुकरच्या शिट्ट्या आता कुणी मोजत नाही.

मित्रांनो, घरात जे काही झाकून करायचं ते जरूर झाकून करा, पडदा म्हणून मी त्याविरुद्ध कसा बोलेन? पण ज्या शेजाऱ्याला त्याची भीती वाटू शकते, त्याला आधी एका शब्दाने सांगून ठेवा. आणि समोर काही भलतं दिसलं, तर मूल आत घ्या आणि मग एकदा माणसाला हाक मारा. हे मला नऊ वर्षांत कुणी शिकवलं नाही, एका दुपारने शिकवलं.

परवा संध्याकाळी समोर पडदा सरकल्याचा आवाज आला आणि कुंदाकाकूंची हाक आली. "मालन... ए मालन. देवेशशी बोलले मी. तक्रार मागे घ्यायला तयार झालाय. तू फक्त ये गं समोर."

मालन भाजी चिरत होती. ती उठली, खिडकीशी गेली. तिने निळ्या पडद्याची कड मुठीत धरली. ओठ हलत होते, डोळे भरले होते. पलीकडे काकू वाट बघत होत्या, हे त्यांच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळत होतं. पुन्हा हाक आली, या वेळी हळू. मालनची मूठ तशीच राहिली. मग तिकडची खिडकी लागल्याचा आवाज आला.

संध्याकाळचा वारा सुटला होता. तो नवा पडदा जड आहे, जागचा हलला नाही. मी त्या तारेवर असतो तर आपोआप सरकलो असतो, मित्रांनो. मग त्या दोघींना एकमेकींकडे बघावंच लागलं असतं.