पंख्याखाली खर्ज नाही

माझ्या बाबांनी, वदीअ जिरजिस यांनी, उभी हयात कैरोच्या रेडिओच्या वाद्यवृंदात कॉन्ट्राबास वाजवला. माणसाहून उंच वाद्य, खर्जाचे, सगळ्यांच्या मागे उभे राहून वाजवायचे. पुढे व्हायोलिनवाले मिरवायचे. टॅक्सीतल्या नाहीतर न्हाव्याच्या दुकानातल्या टीचभर रेडिओवर बाबांचा स्वर कधी उमटलाच नाही. शुब्रातल्या आमच्या गल्लीत लोक त्यांना विचारायचे, "वदीअ, तू नक्की वाजवतोस की नुसता उभा राहतोस?" बाबा हसायचे, पण ते त्यांच्या जिव्हारी लागायचे. आईला आणि मला ते दिसायचे.

निवृत्तीनंतर संगीत संस्थेचे प्रमुख उस्ताज सामिह यांनी बोलावणे धाडले: पोरांना कॉन्ट्राबास शिकवा. आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर तो वर्गच बंद करतो.

"नाही म्हणून सांगतो," बाबा म्हणाले. "काय शिकवू? कुणाला ऐकू न जाता म्हातारं कसं व्हायचं, ते?"

माझे डोके फिरले. रागाच्या भरात बाजारात जाऊन मी दोन मोठे जुने स्पीकर आणले. बाबांनी एका गायिकेला साथ दिलेल्या जुन्या मैफिलीची, खरखर काढून साफ केलेली सीडी माझ्याकडे होतीच.

"आज तुम्हाला तुमचाच स्वर ऐकवते," मी म्हणाले.

ऑगस्ट होता, कैरोतला ऐन उन्हाळा. गालिचे डांबराच्या गोळ्या घालून पलंगाखाली गेलेले, फरशी उघडी. बाबांची खुर्ची खोलीच्या बरोबर मधोमध, पंख्याखाली. ती तिथून ऑक्टोबरपर्यंत हलत नाही. मी स्पीकर समोर स्टुलांवर ठेवले आणि सीडी लावली. व्हायोलिनचे सूर फरशीवर आपटून टाचण्यांसारखे कानात घुसले.

"ऐकलंस?" बाबा म्हणाले. "सगळे आहेत. मी नाही."

"मला तर येतंय ऐकू," कोपऱ्यातून आई म्हणाली. माझी आई इग्लाल भिंतीला पाठ टेकून दिवाणावर बसली होती आणि द्राक्षाच्या पानांत भात भरत होती.

"तू गप्प बस. तू तर माझ्या घोरण्यालाही संगीत म्हणशील."

"घोरणं तर अख्ख्या इमारतीला ऐकू येतं. त्याचं काय कौतुक?"

मी स्पीकर स्टुलांवरून काढून जमिनीवर ठेवले. मग पलंगाखालचा गालिचा ओढून बाहेर काढला.

"ऑगस्टमध्ये गालिचा?" आई ओरडली. "शेजारीण आली तर काय म्हणेल? पोरीचं डोकं बिघडलं म्हणेल!"

"म्हणू दे."

गालिचा अंथरला आणि व्हायोलिनची किरकिर खाली बसली. कानांना बरे वाटले, पण बाबांनी मान हलवली. मी स्पीकर भिंतीला, पार कोपऱ्यांत सरकवले. घामाने निथळत होते. बाबा डोळे मिटून पुन्हा ऐकू लागले. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून कान टवकारले. खरे सांगते, मलाही काही ऐकू आले नाही. मला रडू आले. घरचा खोटा दिलासा परवडला असता, हे मी काय करून बसले?

"पुरे, नेवीन," बाबा मऊ आवाजात म्हणाले. "तू केलंस तेवढं खूप झालं."

ते उठले. फोन दिवाणापाशी असतो. आईने पानांचे ताट बाजूला सरकवून त्यांना जागा केली, आणि ते भिंतीला टेकून नंबर फिरवू लागले. सीडी बंद करायचे भान मला राहिले नाही.

नंबर फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. मग बहुधा सवयीने त्यांनी नंबर पुरा केला. फोनमधून "हॅलो? हॅलो?" असा सामिह यांचा आवाज मलासुद्धा येत होता. बाबांनी रिसीव्हर खाली घेतला आणि पाठ भिंतीला आणखी घट्ट टेकवली.

"इग्लाल," ते म्हणाले, "हे... हे मी?"

"मग कोण? मघापासून सांगतेय! पाठीतून आरपार जातोयस."

खर्ज भिंतीशी आणि कोपऱ्यात गोळा होतो आणि खोलीच्या मध्यावर पार मरतो, हे मला नंतर स्पीकरवाल्याने सांगितले. त्या घडीला मी धावत जाऊन त्या दोघांशेजारी भिंतीला पाठ लावली. खालून, सगळ्यांच्या खालून, माझे बाबा चालत होते. व्हायोलिने त्यांच्या खांद्यावर बसून मिरवत होती.

एकाएकी बाबा ओरडले, "चुकलो!"

"काय झालं?"

"ऐक! गाणारी नव्या सुरावर वळली आणि मी मागून आलो! अर्धी मात्रा उशीर!" त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पोट धरून हसत होते. "अरे देवा, साऱ्या इजिप्तने ऐकलं असेल हे!"

"मी त्या रात्रीच ऐकलं होतं," आई म्हणाली. "म्हटलं, कशाला बोला."

बाबांनी बाहीने डोळे पुसले आणि फोन तोंडाशी धरला.

"सामिह, मी शनिवारी येतो. आणि पोरांना आतापासून सांगून ठेव, मागे उभं राहून वाजवलं तरी चूक सगळ्यांना ऐकू जाते."