तुलनेची जागा

"हिरवा रंग म्हणजे साफ," ड्रुरीबाई म्हणाली आणि भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"रंग तुम्हीच दिलाय ना?" रोझलिनने विचारलं. "मग माझ्याकडेही खडू आहेत. मी लाल देते."

सभागृहात दोनचार जण हसले. ड्रुरीबाई हसली नाही. अमेरिकेतल्या नावाहो वस्तीतल्या बंद पडलेल्या युरेनियम खाणीची तपासणी ती तीन उन्हाळे करत होती. कुठली माती उचलायची आणि कुठली तशीच ठेवायची, हे आज ठरायचं होतं.

तिने पुन्हा समजावलं. माती सगळीकडेच थोडे किरण सोडते. म्हणून जिथे कधी कोणी खणलं नाही अशी एक जागा घ्यायची आणि तिथला आकडा मूळचा धरायचा. त्याच्या वर जाईल ती माती उचलायची. अशी जागा म्हणून त्यांनी कावळ्याची टेकडी घेतली होती. ओढ्याकाठचा आकडा टेकडीच्या आकड्यापेक्षा किंचित कमी होता. म्हणून ओढ्याकाठ हिरवा.

"माझी मेंढरं तिथे चरतात," रोझलिन म्हणाली. "सून तिथे घर बांधणार आहे. पोर रांगणार आहे त्या मातीत."

"आकडे बघता ती जागा मुळातच तशी आहे."

"आकडे तिथे राहायला येणार आहेत का?"

एल्विन मागच्या बाकावर बसला होता. खाली धरलेल्या टोपीची कड तो बोटांनी चाचपत होता. टेकडीवर कोणी खणलं नाही, हे खोटं आहे, हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच माहीत होतं. आणखी एकीला माहीत होतं, पण ती मागच्या हिवाळ्यात गेली. तिचं नाव तो घेत नसे. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही.

बाहेर पिकअप थांबल्याचा आवाज आला.

"दाजी, आई आली," रोझलिन मागे न बघताच म्हणाली. "निघा."

मागच्या दाराची कडी त्याच्यासाठी आधीच काढून ठेवली होती. नावाहो रीतीत जावयाने सासूचं तोंड बघायचं नाही, सासूने त्याचं बघायचं नाही, थेट बोलायचंही नाही. बघितलं तर डोळे जातात. पन्नास वर्षं ती पुढच्या दाराने आली की तो मागच्या दाराने जात आला होता. दवाखान्यातही त्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. बायको गेली तेव्हा पाळी सासूची होती. तो खाली गाडीत बसून सँडविच खात होता.

"दाजी, बहिरे झालात का?"

"मला बोलायचंय," एल्विन म्हणाला.

"मग बाहेर जाऊन बोला. चराईचा परवाना आईचा आहे. अंगठा ती देणार, तुम्ही नाही."

दार उघडलं. काठीचा आवाज आला आणि थांबला. एल्विन उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि टोपी नाकापर्यंत ओढली. एक म्हातारा उठला आणि खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसला.

"टेकडीवर भोकं पाडली आहेत," तो भिंतीला म्हणाला. "सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात. ड्रिलवाल्यांना मी घेऊन गेलो होतो. खाणीच्या हद्दीबाहेर होती जागा, म्हणून कागदावर काही नाही. आतला गाळ वर आला, तो सगळीकडे पसरला. मग त्यांनी बुलडोझर फिरवून सगळं सपाट केलं."

ड्रुरीबाईने पेन उचललं. "तुम्ही स्वतः होता?"

"पाइप मीच धरत होतो."

"तीन उन्हाळे मी तुमच्या घरावरून जातेय. तुम्ही मला पाणी दिलंत. तेव्हा का नाही सांगितलं?"

जमीन सासूची. खणण्याआधी तिला विचारायला हवं होतं, पण तिच्याशी बोलता येत नव्हतं, आणि बायकोमार्फत विचारलं असतं तर सासू नाही म्हणाली असती. पुढे दर वर्षी ते सांगणं अवघड होत गेलं.

मागून सासूचा आवाज आला. इतक्या जवळून तो आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

"त्याला विचार, माझ्या लेकीला माहीत होतं का."

"माहीत होतं का?" रोझलिनने विचारलं.

नाही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. त्याला खोटं पाडणारं आता कोणी उरलं नव्हतं.

"होतं. नको म्हणाली होती. मी ऐकलं नाही. नंतर आईला सांगू नको म्हणून मीच बजावलं."

काठी एकदा जमिनीवर आपटली.

"पन्नास वर्षं ती माझ्या चुलीपाशी बसली," सासू म्हणाली, "आणि याच्यासाठी गप्प राहिली. किती भोकं, विचार."

"अकरा," एल्विन म्हणाला.

"सगळी दाखव म्हणावं. मग माझ्या जमिनीवरून बिऱ्हाड उचल म्हणावं."

"आई म्हणते, सगळी दाखवा, मग—"

"ऐकलं मी."

दुपारी ते टेकडीवर गेले. आठ भोकं त्याने चालता चालता दाखवली. बाकीच्या तीन भोकांसाठी त्याला गुडघ्यांवर बसून हाताने दगड बाजूला करावे लागले. रोझलिन छातीवर हात बांधून बघत उभी होती; मदतीला वाकली नाही. प्रत्येक भोकाशी ड्रुरीबाई किरण मोजायचं यंत्र धरायची आणि यंत्र जोरात कडकडायचं.

अकराव्यानंतर तिने कागदावर टेकडीवरून रेघ मारली.

"इथला आकडा मूळचा नाही. ही जागा बाद. दुसरी शोधावी लागेल. वर्ष जाईल."

"ओढ्याकाठचं काय?" एल्विनने विचारलं.

"नवा आकडा आल्याशिवाय सांगता येणार नाही. पण हिरवा राहील असं वाटत नाही."

"उचलतील माती?"

"बहुतेक."

त्याने हात पँटीला पुसले.

"सोमवारपर्यंत, दाजी," रोझलिन म्हणाली. "ताईची शिवणयंत्राची पेटी मात्र न्यायची नाही. ती आता आईची आहे."

"रविवारी जातो," एल्विन म्हणाला आणि टेकडी उतरू लागला.