हुंकार देणारी

गोरक्षनाथाने राजपुत्र उदयसेनाला पाताळाच्या पायऱ्यांवर आणून उभं केलं आणि तोंडावर हात धरून एक लांबलचक जांभई दिली.

"खाली काळोख. पायऱ्या ओल्या. आणि पाठीमागे घोडी," तो म्हणाला.

"हूं," बनुबाई म्हणाली.

ही त्याची बायको. समोर उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. टरफलं मांडीवर, दाणे सुपात. आज त्याची सुट्टी. दुपार कलली होती आणि उन्हाची तिरीप थेट त्याच्या तोंडावर येत होती. पूर्वी तो अंगणात येरझाऱ्या घालत गोष्ट सांगायचा. हल्ली तिने नवा कायदा काढला होता. "एका जागी बसा की वो, तुमच्यामागं मान फिरवून फिरवून आखडली माजी." म्हणून बिचारा ओट्यावर बाज टाकून हा असा बसला होता, डोळे चोळत, उन्हाकडे तोंड करून.

गोरक्षनाथ वाकचौरे श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होता. हंगाम भरात होता. दिवसभर उसाच्या गाड्या, बैलांची शिंगं, गाडीवानांची भांडणं. घरी यायचा तो चिपाड होऊन. पण लोक त्याला ओळखत ते काट्यामुळे नव्हे. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर टांगलेल्या, राक्षसांची आणि तलवारींची चित्रं असलेल्या ज्या अद्भुत कादंबऱ्या मिळत, त्यांतल्या बऱ्याच ह्या वाकचौरेबाबूच्या.

आता एवढं अद्भुत ह्या माणसाच्या डोक्यात आलं कुठून? खरं सांगायचं तर फाटक्या पुस्तकांतून. अकोले तालुक्यातले डोंगर सोडून तो नोकरीसाठी इकडे आला तेव्हा नवं लग्न झालेलं. बनुबाईला अक्षर येत नव्हतं आणि गोष्टीवाचून करमत नव्हतं. तो वाचनालयातून पुस्तकं आणायचा आणि तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. तिथल्या अद्भुत कादंबऱ्यांची शेवटची पानं हमखास गायब. कोण मेला फाडत होता, देव जाणे. राजकन्या राक्षसाच्या तळघरात आणि पुस्तक खलास!

"मग?" बनुबाई विचारायची.

"मग काय? पानच नाही."

"पान न्हाई म्हून तिनं तितंच मरायचं व्हय?"

मग झक मारत तो पुढचं रचायचा. शेवट रचता रचता एक दिवस त्याला पहिल्या पानापासूनच रचता यायला लागलं.

एक खोड मात्र राहिली ती राहिलीच. तो आधी तिला सांगायचा आणि मगच लिहायचा. ती "हूं" म्हणाली की वाक्य पक्कं. गप्प राहिली की समजायचं, प्रकरण पडलं. "आता गं बया!" म्हणाली तर सोनंच. त्याचे वडील म्हणायचे, हुंकाराशिवाय गोष्ट सांगू नये, गोष्टीतला वाटसरू वाट चुकतो. गोरक्षनाथाने हे इतकं मनावर घेतलं होतं की ती माहेरी गेली की घरात एक ओळ लिहून व्हायची नाही.

आताचं पुस्तक उदयसेनाच्या मालिकेतलं शेवटचं. पुण्याचे प्रकाशक घाई करत होते आणि पुस्तक तर बिघडलं होतं. हे त्याचं त्यालाच कळत होतं. उदयसेन पानंच्या पानं नुसता चालत होता, जिथे तिथे उसासे टाकत होता. वाटायचं, फाडून टाकावं आणि हे लिहिणं-बिहिणं एकदाचं बंद करावं. पण बनुबाईचा हुंकार कुठे अडत नव्हता. तिला आवडतंय ना, मग असेल चांगलं, असं म्हणून तो रेटत होता.

आज अडचण होती काजळीची. काजळी म्हणजे उदयसेनाची घोडी. पाताळात उतरायचं तर घोडी कुठे न्यायची? वर सोडायची तर पुन्हा आणायची कशी? दमलेल्या लेखकाला अशा वेळी एकच उपाय सुचतो. पण तिथे बनुबाई आडवी होती. मागे एका पुस्तकात त्याने राजाचा हत्ती मारला, तर बाईने चूल पेटवली नव्हती. "मान्सं मारा किती मारायची ती. मुक्या जनावराला हात लावायचा न्हाई," असं देवापुढे वदवून घेतलं होतं.

आज त्याच्यात भांडायचंही त्राण नव्हतं. होईल ते होईल, असं म्हणून त्याने सांगून टाकलं.

"मग उदयसेनाने तलवार उपसली आणि काजळीची मान उडवली."

"हूं," बनुबाई म्हणाली, आणि तिने पुढची शेंग फोडली.

पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. चला, सुटलो! मग कुठेतरी खुट्ट झालं.

"मेली काजळी," तो म्हणाला.

"हूं."

"रक्ताचं थारोळं झालं."

"हूं." तिचे हात आपोआप चालले होते आणि डोळे त्याच्या तोंडावर होते, नेहमीसारखे कौतुकाने भरलेले.

गोरक्षनाथ बाजेवर ताठ बसला.

"मग उदयसेन आमच्या कारखान्यात आला आणि काट्यावर कारकून झाला."

"हूं. मग?"

तो उठला. ओट्याच्या कोपऱ्यात माठ होता. पाणी प्यायच्या निमित्ताने त्याने तिच्याकडे पाठ केली आणि माठाकडे बघतच म्हणाला, "बनू, आपलं घर पेटलंय."

मागे शेंगा फुटत राहिल्या.

तेवढ्यात शेजारची रंगुबाई वाटी घेऊन आली. "ए बने! विरजान दे गं वाईच!" असं अंगणातूनच ओरडली, मग जवळ येऊन बनुबाईच्या तोंडासमोर तोंड नेऊन तेच पुन्हा म्हणाली आणि वाटी दाखवली. ह्या रंगुबाईच्या घशात कारखान्याचा भोंगा बसवलाय, असं म्हणून गोरक्षनाथ कितीदा तरी हसला होता. बनुबाई विरजण आणायला आत गेली तशी रंगुबाई त्याच्याकडे वळली.

"काय भावजी, सुट्टी का आज?" तिने विचारलं, अगदी साध्या, मऊ आवाजात.

त्याने नुसती मान हलवली. परवाच्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धाच्या दिवसांत ह्याच रंगुबाईच्या रेडिओभोवती सारी आळी जमायची. बनुबाई कधी गेली नाही. तिला लढाईत रस नाही, असं तो खुशाल सांगत सुटला होता. म्हणजे आळीला ठाऊक होतं. पाताळातलं आणि स्वर्गातलं सगळं बघणाऱ्याला तेवढं स्वतःच्या ओट्यावरचं दिसलं नव्हतं.

रंगुबाई गेल्यावर तो उंबऱ्यात बायकोशेजारी जाऊन बसला आणि तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"कधीपासून?"

तिचा हात थांबला. "काय कधीपासनं?"

"कान."

ती मांडीवरची टरफलं चिवडत राहिली. "डावा तर कवाच गेल्ता. उजवा पोळ्यापासनं. आसं जवळ आल्यावर येतं थोडं थोडं."

"आणि मी पोळ्यापासून सांगतोय कुणाला?" तो एकदम उसळला. "अगं, आख्खं पुस्तक भिंतीला सांगितलं मी! तू हूं म्हणत होतीस म्हणून लिहीत गेलो. एका शब्दाने सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी सांगायचं सोडलं असतं."

त्याने नजर सुपाकडे वळवली.

"मला वाचाया येत न्हाई," ती म्हणाली. "कीर्तन गेलं. रेडिओ गेला. बायका बोलत्यात ते निम्मं गेलं. तुमी तेवढे राह्यले हुते."

गोरक्षनाथाचा राग ओसरला. सोडलंच असतं त्याने. तो तर अशाच एखाद्या सबबीची वाट बघत होता, आणि ते तिला त्याच्या आधी कळलं होतं. त्याला स्वतःची शरम वाटली आणि तिची इतकी कीव आली की काय करावं ते सुचेना. त्याने सुपातले चार दाणे उचलले आणि परत टाकले.

"मग ऐकू येत नव्हतं तर तुला वाटत काय होतं, मी काय सांगतोय?" त्याने पुन्हा कानाशी जाऊन विचारलं.

"तुमच्या तोंडावरनं वळखायचे. भुवई वर गेली की राकुस आला. मान डोलली की राजकन्या. बाकीचं माजं मीच जुळवायचे."

"मग आता कुठंय उदयसेन?"

"ह्यॅ! हसाल तुमी."

"नाही हसत. सांग."

तिने पदराला हात पुसले. आजवर ती ऐकणारीच होती. गोष्ट सांगायची म्हटल्यावर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाजली.

"पायरीवर बसलाय," ती म्हणाली. "खाली जाववत न्हाई त्याला. लई दमलाय वो. लई दिस झाले, तोंडावरनंच दिसतंय. कुनापाशी बोलत न्हाई. पर काजळीला टाकून जायाचं तरी कसं? ती गाभण हाय."

गोरक्षनाथाने तोंड उघडलं. काजळीचं मुंडकं त्यानेच आत्ता उडवलं होतं. त्याने तोंड मिटलं.

"हूं," तो म्हणाला.

बनुबाई पुढे बोलेना. ती त्याच्याकडे बघत थांबली होती. हुंकार आल्याशिवाय गोष्ट पुढे न्यायची नसते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि त्याचा हुंकार तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. हे ध्यानात यायला त्याला जरा वेळ लागला. मग त्याने तिच्या मांडीवरची टरफलं बाजूला सारली, गुडघ्यावर हात ठेवला आणि हलकेच दाबला.

"तर मग," बनुबाई म्हणाली, "राजपुत्रानं तलवार ठिवली बाजूला, अन् काजळीसाठी गवत आनाया गेला."