वीतभर तार

मी एक जुनी, वाकडी पोलादी तार आहे. लांबी जेमतेम वीतभर. गोड बोलायची मला सवय नाही, मित्रांनो, आणि माणसांशी तर मुळीच नाही.

आयर्लंडमधल्या एका तळ्याकाठी नुआला डीगन होड्या भाड्याने देते. तिनेच मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहा निवत ठेवून बनवलं. गळाच्या दोराला एका टोकाने मी, आणि माझ्या दुसऱ्या टोकाला नकली माशी. ती नावालाच माशी. पिसांची, केसांची, पोटात गळ लपवलेली, दिसायला चिमुकला मासाच. तिला गिळायला येतो पाईक नावाचा मोठा शिकारी मासा. नावाने पाईक, पण चाकरी कुणाची करत नाही. तोंडात शेकडो दात. नायलॉनचा दोरा कितीही जाड घ्या, ते कचकन तोडतात. मी तुटत नाही.

पाच वर्षं मी ते दात सोसले. गालावर पांढरा व्रण असलेली एक थोरली मादी दर वसंतात गळाला लागायची. नुआला तिला म्हातारी म्हणायची. पाण्यातच गळ काढून, "जा गं बाई, पुढच्या वर्षी ये," म्हणत सोडून द्यायची. फोटो निघायचे ते माशीचे आणि गळाच्या काठीचे. माझा एकही नाही.

मग मासेमारी क्लबच्या स्पर्धेला नुआलाचा धाकटा भाऊ मॅलकी आला. आणलेली काठी ट्राउटसारख्या लहान माशांची, नाजूक. पाईकची जड माशी त्या काठीने फेकवेना. म्हणून त्याने नुआलाची दणकट काठी मागून घेतली. मला बघून नाक मुरडलं.

"मासे धरायचेत की कुंपण घालायचंय? हिच्यामुळे माशी मेल्यासारखी पोहते."

"तार काढायची नाही, मॅलकी. दोरा तुटला तर माशी म्हातारीच्या घशात राहील."

"तुझी म्हातारी! तिला जेवायलाच बोलव ना एकदा."

होड्यांचा धक्का दिसेनासा होताच त्याने मला कापून होडीच्या तळाशी फेकलं आणि माशी थेट दोराला बांधली. मी तिथून सगळं पाहिलं. काठी वाकली, पाण्याबाहेर पांढरा व्रण चमकला आणि दोर एकदम ढिला पडला.

"गेला माझा कप!" मॅलकी ओरडला. त्याला दुःख झालं ते कपाचं.

तीन आठवड्यांनी लव्हाळ्यात म्हातारी मेलेली सापडली. हाडं मोजता येतील इतकी वाळलेली, आणि घशात ती माशी. त्या संध्याकाळी होडीतलं पाणी उपसताना नुआलाच्या हाताला मी लागले. रविवारी मॅलकी जेवायला आला, तेव्हा तिने बटाट्यांच्या ताटाशेजारी आधी माशी ठेवली, मग मला.

"पुढच्या वेळी तार लावीन," तो पुटपुटला.

"पुढची वेळ तुला आहे. तिला कुठे आहे?"

आता मी बोटघराच्या दारावर खिळ्याला लटकते. होडी हवी त्याने आधी आपली तार नुआलाच्या हातात द्यायची. ती खेचून बघते. मॅलकीही मुकाट्याने देतो. ती त्याच्याशी अजून बोलत नाही, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

मित्रांनो, माझे लाड नकोत. वाकडी झाले की खुशाल फेका. पण आधी नवी बांधा, मग जुनी सोडा. एवढीशी तार जड होत असेल, तर काठावर बसून पाव खा आणि घरी जा. वसंतात नुआला अजून त्या लव्हाळ्यापाशी होडी थांबवते. माशी मात्र फेकत नाही.