वीणेखालची जमीन

या हो, असे लांब उन्हात का बसलात? सतरंजीवर जागा आहे, पुढे सरका. मांडीला मांडी लागली तरी चालेल. आज एक गोष्ट सांगतो. देवाच्या दारातली आहे, पण ऐकून मन हलकं होईल असं काही सांगत नाही. तरी ऐका.

पारोळ्याकडून धुळ्याला जाताना एक गाव लागतं. नाव राहू द्या. गावाला नगरपालिका आहे, एवढं पुरे. तिथे लोटन आबा पाणी सोडायचे. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तीस वर्षं गल्लोगल्ली हिंडले. कुठली लाइन कुठून वळते याचा नकाशा पालिकेत नव्हता. तो आबांच्या डोक्यात. प्रत्येक गल्लीची पाळी सहा दिवसांनी. आणि विठ्ठल मंदिरात सप्ताह बसला की मांडवातला रांजण आबांच्या बायकोकडे, ताईबाईकडे. श्रोत्यांना गार पाणी पाजायचं, हीच तिची सेवा.

यंदा सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी मांडवातली जमीन ओली झाली. वासावरूनच कळलं, खालचा गटाराचा पाइप फुटलाय. फुटला तोही नेमका वीणेकऱ्याच्या पायाखाली. त्याच पाइपाला खेटून पिण्याच्या पाण्याची जुनी लाइन जात होती.

आबा तडक पालिकेत गेले. बाबू म्हणाला, "तक्रार गटाराची की पाण्याची?"

"दोन्ही शेजारी शेजारी आहेत, भाऊ."

"मग दोन अर्ज लागतील, आबा. खाती वेगळी आहेत."

दोन अर्ज झाले. दोन टेबलं फिरले. चौथ्या दिवशी प्रेमराज साहेब दोन मजूर, कुदळी घेऊन आले. इंजिनीअर तरुण, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "खणावंच लागेल. वीणा जरा तिकडे न्या."

पितांबर तेव्हा पहाऱ्याला होता, गळ्यात वीणा. सप्ताहभर ती वीणा खाली टेकत नाही, कलशासमोरची जागा सोडत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तो आबांकडे बघून म्हणाला, "आबा, आठे खंदशात? देवना समोर गटार उघडशात?"

सगळ्यांचे डोळे आबांवर. गावात पाइपाचं त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि वीणेवर त्यांच्याइतकी माया कुणाची नव्हती.

"साहेब," आबा म्हणाले, "काल्यापर्यंत राहू द्या. पाण्याची पाळीही काल्यालाच आहे. तोवर लाइन रिकामीच. काला झाला की आधी खणू, मग पाणी सोडू."

प्रेमराज साहेबांना हायसं वाटलं. "तुम्ही म्हणता तर ठीक." वरून सिमेंटचा गिलावा झाला, ब्लीचिंग पावडर पडली, मोबाइलवर फोटो निघाला. संध्याकाळी आबांच्या फोनवर निरोप आला: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

सहाव्या दिवशी जमीन ठणठणीत कोरडी. पितांबर हरखला, "दखा आबा, कोरडं व्हई गयं! देवनी किरपा शे!" आबांनी ओणवं होऊन तळहात टेकवला. कोरडी होती खरी. आयुष्यभर ते हेच बघत आले होते: ओल दिसली की गळती, ओल गेली की गळती गेली. त्यांनी हात जोडले. वर यायचं थांबलेलं पाणी गेलं कुठे, हे मात्र त्यांच्या मनात आलं नाही. खाली शेजारची लाइन रिकामी होती, आणि तिलाही भोक पडलं होतं.

काल्याची सकाळ. बुवांचं कीर्तन रंगात आलेलं, ऊन तापलेलं, रांजण तळाला गेलेला. प्रेमराज साहेबांचा फोन आला, "आबा, आज पाळी ना? दुपारी मजूर पाठवतो. तोवर सोडू नका."

"कोरडं आहे, साहेब. मी हात लावून पाहिलं."

"बघा मग. तुम्हालाच कळतं."

ताईबाई कळशी कमरेवर घेऊन उभी. "सोडतस का मी सोडू? द्या ती चावी मनाकडे!"

आबा हसले. चावी फिरवली. पाळीचं पहिलं पाणी गढूळच येतं, म्हणून ते वाहू दिलं. मग निवळ आलं. मांडवात धूप एवढा की वासही कळेना. रांजण भरला. ताईबाईने रांगेने सगळ्यांना पाजलं, आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वतः प्याली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून घराघरांत उलट्या, जुलाब. चाळीसेक माणसं धुळ्याच्या दवाखान्यात हलवली. त्यांतली बाकी सगळी परत आली. ताईबाई आली नाही.

मग पालिका धावली. टँकर आला, गोळ्या वाटल्या, रिक्षावर भोंगा लावून 'पाणी उकळून प्या' सांगत फिरले. आठवडाभर जे झालं नव्हतं ते तासाभरात झालं: जमीन खणली. खड्ड्यात दोन्ही पाइप एकमेकांना टेकलेले, भोकाला भोक. आबा काठावर उभे राहून बघत राहिले.

बुवा समाचाराला आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आबा, देवाची इच्छा."

"देवनी नही, महाराज," आबा स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले. "मनी."

तेराव्यानंतर आबा पालिकेत गेले. "साहेब, खणू नका असं मीच सांगितलं. पाणीही मीच सोडलं. मनं नाव लिखा."

प्रेमराज साहेबांनी मान वर केली नाही. "अहवाल गेला, आबा. जुनी लाइन गंजली होती, असं लिहिलंय. तुमचं नाव घातलं तर माझंही येतं. फाइल बंद झाली."

"मग मी कोणापुढे उभा राहू?"

साहेबांनी दुसरी फाइल पुढे ओढली. आबा पालिकेच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. शिपायाने दार लावायचंय म्हणून उठवलं, तेव्हा उठले. त्यानंतर मंदिराची पायरी ते चढले नाहीत.

तुम्ही कीर्तनाला बसता, कुणीतरी हातात पाणी देतं. तेव्हा ताईबाईला आठवा, बाबांनो. पेला देण्याआधी ती तो पदराने पुसायची, लहान असो की थोर, आणि "प्या, माय" म्हणायची.